मँचेस्टर ते एडिनबरा: दोघांसाठी बारा रात्रींचा गाडीप्रवास

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं एक जोडपं, दोघंही गाडी चालवणारे, मेच्या शेवटच्या आठवड्यात मँचेस्टरला उतरणार आणि बारा रात्रींत यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट, न्यूकॅसल, एडिनबरा, अॅबरडीन, इन्व्हरनेस, उत्तर टोकाचा 'नॉर्थ कोस्ट ५००', स्काय बेट आणि ग्लासगो करून पुन्हा मँचेस्टरला परतणार. अंतर, गाडी, लायसन्स, मुक्काम यांबद्दल सल्ला हवा आहे.

आधी कात्री. या यादीतून यॉर्क, न्यूकॅसल, अॅबरडीन आणि नॉर्थ कोस्ट ५०० काढा. शेवटचा एकटाच सुमारे ५०० मैलांचा फेरा आहे, इन्व्हरनेसहून सुरू होऊन तिथेच संपतो, आणि त्याला स्वतंत्र आठवडा लागतो. यॉर्क हे रेल्वेने करायचं शहर आहे, पुढच्या वेळी लंडनहून करा. आणि मँचेस्टरला परत येऊ नका. जाताना मँचेस्टर, परतताना एडिनबरा असं तिकीट काढा. आखातातल्या शहरांमार्गे जाणाऱ्या विमान कंपन्यांची दोन्हीकडे उड्डाणं आहेत. गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडण्याचा जादा आकार पडतो, पण परतीचे २२० मैल, त्याचं पेट्रोल आणि एक अख्खा दिवस वाचतो.

दुसरी गोष्ट तारखा. मेचा शेवटचा सोमवार ही ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे असते आणि इंग्लंडच्या बहुतेक शाळांना त्याच आठवड्यात सुट्टी असते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये तेव्हा सकाळी दहालाच पार्किंग भरलेलं असतं. प्रवास दोन-अडीच आठवडे अलीकडे, म्हणजे मेच्या पहिल्या सोमवारची सुट्टी टाळून लगेच नंतर ठेवा. मे हा पश्चिम स्कॉटलंडचा त्यातल्या त्यात कोरडा महिना. रात्री नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो, आणि मिज नावाची चिलटं अजून पुरती जागी झालेली नसतात. जून-जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडला की ती ढगासारखी अंगावर येतात. डास एकेकटा चावतो, या शेकड्यांनी येतात.

आता रात्रींची वाटणी: मँचेस्टर विमानतळाजवळ १, लेक डिस्ट्रिक्टमधलं केझिक २, हेड्रियनची रोमनकालीन भिंत १, ग्लेनको २, स्काय ३, इन्व्हरनेस १, एडिनबरा २. एकूण अंतर इकडे-तिकडे फिरणं धरून हजार ते अकराशे मैल, म्हणजे साधारण १,७०० किलोमीटर. पेट्रोलच्या मध्यम गाडीला ११०-१२० लिटर लागतील.

किलोमीटर बघून दिवस ठरवू नका, तास बघा. मोटरवेवर तासाला ६० मैल पडतात, हायलँड्स म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या 'ए' (मुख्य) रस्त्यांवर ४०, आणि एकेरी अरुंद रस्त्यांवर २०-२५. मॅप जो वेळ सांगतो त्यावर हायलँड्समध्ये तिसरा हिस्सा वाढवा, थांबे वेगळे. एका दिवसात मॅपचे चार तास ही वरची मर्यादा धरा. या आखणीत एकच दिवस ती ओलांडतो.

कागदपत्रं. इंग्लंड आणि स्कॉटलंडला एकच व्हिसा, मधे सीमेवर तपासणी नाही. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला ब्रिटनमध्ये १२ महिने गाडी चालवता येते. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. एक हजार रुपये फी आहे, वर्षभर चालतो, आणि काही भाडे-कंपन्या काउंटरवर तो मागतात. मूळ लायसन्स बरोबर लागतंच. फोनमधली डिजिलॉकरची प्रत तिथे चालत नाही. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात घालून घ्या. नाव नसलेल्या माणसाच्या हातून ठोकर लागली तर विमा नाही.

काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा अडतं ते कार्ड. मुख्य चालकाच्याच नावाचं, उठावदार अक्षरांचं असो वा नसो, पण खरं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड पुढे केलं की बऱ्याच ठिकाणी गाडी मिळत नाही, किंवा महागडा विमा गळ्यात पडतो. अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा मर्यादा वाढवून घ्या आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, ते निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये पाहा.

विम्याचं गणित असं: भाड्यात मूळ विमा असतो, पण अपघात झाला तर पहिले हजार-दीड हजार पौंड तुमचे. याला एक्सेस म्हणतात. ती रक्कम शून्यावर आणणारा विमा काउंटरवर दिवसाच्या दराने विकतात. तोच आधी ऑनलाइन स्वतंत्र घेतला तर बराच स्वस्त पडतो. फरक एवढाच की स्वतंत्र विम्यात आधी पैसे तुम्ही भरता आणि मग दावा करून परत मिळवता. त्यात टायर, काच, गाडीचं पोट आणि चुकीचं इंधन यांचा समावेश आहे का, ते नीट वाचा. हायलँड्समध्ये नुकसान होतं ते नेमकं टायर आणि काचेचं.

गाडी लहान घ्या. भारतात चालवणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे: स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडे, गिअर डाव्या हाताला. म्हणून मॅन्युअल घ्यायला हरकत नाही, स्वस्तही पडते. पण ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्ये तसं स्पष्ट निवडा, आयत्या वेळी मिळत नाही. काउंटरवरचा माणूस मोठी एसयूव्ही 'फुकट अपग्रेड' म्हणून देऊ करेल, नको म्हणा. लेक डिस्ट्रिक्टमधल्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी दगडी गडगे असतात, त्यात प्रत्येक इंच मोलाचा. इलेक्ट्रिक गाडीही पहिल्या खेपेला नको. चार्जर आहेत, पण दर कंपनीची तऱ्हा वेगळी आणि तुमचा वेळ मोजका. सामानाचा मात्र विचार आधी करा: विमानातल्या दोन भल्यामोठ्या बॅगा लहान हॅचबॅकच्या डिकीत बसत नाहीत. दोन मध्यम आणि मऊ बॅगा न्या. मागच्या सीटवर बॅग दिसत असलेली गाडी पार्किंगला सोडून डोंगरावर जाणं म्हणजे चोराला आवतण.

गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिम, टायरच्या बाजू, पुढची काच आणि छत यांचे फोटो काढा, एक व्हिडिओ काढा. डिकीखाली बघा. बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त पंक्चरचं द्रव्य आणि हवेचा छोटा पंप असतो. खिळ्याच्या छिद्राला ते चालतं. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग शून्य, आणि मग मदतीची गाडी येईपर्यंत दोन-तीन तास जाऊ शकतात. म्हणून समोरून गाडी आली की घाबरून डांबराच्या डाव्या काठाबाहेर चाक घालू नका. कडेची माती पावसाने वाहून गेलेली असते आणि डांबराची धार सुरीसारखी उभी राहते.

रात्रीच्या विमानप्रवासानंतर उतरल्या उतरल्या गाडी हातात घेऊ नका. पहिली रात्र विमानतळाजवळ झोपा आणि सकाळी नऊनंतर, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा.

रस्त्यावरच्या सवयींत तीनच खऱ्या बदलायच्या. पहिली, राउंडअबाउट. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो गेल्याशिवाय घुसायचं नाही. आपल्या चौकात ज्याचा बंपर पुढे तो आधी, इथे तसं केलं तर थेट धडक. पहिल्याच फाट्याला वळायचं तर डावी लेन आणि डावा इंडिकेटर. सरळ जायचं तर बहुधा डावी लेन, आणि आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर. उजवीकडे जायचं तर उजवी लेन, उजवा इंडिकेटर, बाहेर पडताना डावा. फाटा चुकला तर पुन्हा एक गोल मारा, त्यात काही लाज नाही.

दुसरी, मोटरवेची लेन. डावी लेन चालण्याची, उजव्या दोन फक्त ओव्हरटेकच्या. ओव्हरटेक झालं की परत डावीकडे या. डावीकडून पुढे काढणं तिथे गुन्ह्यासारखं पाहिलं जातं. वेगमर्यादा मैलांत असते: वस्तीत ३० आणि बऱ्याच ठिकाणी २०, साध्या दुपदरी रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७०. दंडाची नोटीस भाडे-कंपनीकडे जाते, ती तुमचं नाव कळवते आणि त्याबद्दल स्वतःचा वेगळा आकार कार्डावरून कापून घेते. म्हणजे एका चुकीचे दोनदा पैसे.

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची, कारण तिचा अर्थच उलटा आहे. आपल्याकडे समोरच्याने दिवा मारला की 'मी येतोय, थांब'. स्कॉटलंडच्या अरुंद रस्त्यावर दिवा मारला की 'मी थांबलोय, तू ये'. आपल्या सवयीने दिवा मारून पुढे गेलात तर दोघंही निघाल आणि मधोमध नाकाला नाक लावून उभे राहाल.

अशा सिंगल ट्रॅक रस्त्यांवर एकाच गाडीपुरतं डांबर असतं आणि शे-दोनशे मीटरवर पोटासारखा फुगवटा, ज्याला पासिंग प्लेस म्हणतात. शेजारी पांढरी चौकोनी किंवा चौकटच्या आकाराची पाटी असते. फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर आत जायचं नाही, त्याच्या समोर आपल्याच बाजूला रस्त्यावर थांबायचं, समोरचा त्यात शिरून निघून जातो. नजर पुढच्या एका फुगवट्यावर नाही, त्याच्याही पुढच्यावर ठेवा. म्हणजे कुणी थांबायचं हे पन्नास मीटर आधीच ठरतं आणि रिव्हर्स घ्यावा लागत नाही. मागे स्थानिक गाडी चिकटली तर डावीकडच्या फुगवट्यात घेऊन तिला जाऊ द्या. तिच्यातला माणूस कामावर निघालेला असतो, तुम्ही सहलीला. कुणी वाट दिली की स्टिअरिंगवरची बोटं उचलून आभार मानायचे. फोटो काढायला पासिंग प्लेसमध्ये गाडी लावणं हा तिथला सर्वांत मोठा असभ्यपणा.

मेंढ्यांबद्दल एक बारकावा. मेमध्ये कोकरं लहान असतात. रस्त्याच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं तर ते शेवटच्या क्षणी आईकडे धावणार हे धरूनच चाला. हॉर्न वाजवला तर आणखी लवकर धावतं. रात्री हीच मंडळी उबदार डांबरावर बसून राहतात, आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर उतरतात.

आता मार्ग.

मँचेस्टर ते केझिक, एम६ने सुमारे १२० मैल, अडीच तास. वाटेत टीबे इथला थांबा घ्या. १९७२ पासून चाललेलं हे स्थानिक कुटुंबाचं सर्व्हिस स्टेशन आहे, दुकानात आसपासच्या शेतातला माल असतो. मोटरवेवरच्या थांब्यांत दोन तासांपुरतंच पार्किंग फुकट असतं आणि कॅमेरा नंबर टिपतो, एवढं ध्यानात ठेवा.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये बहुतेक लोक विंडरमिअरला राहतात. ते इंग्लंडमधलं सर्वांत मोठं तळं, गर्दीही सर्वांत मोठी. केझिक उत्तरेला आहे, डोंगर जवळ, आणि पुढच्या प्रवासाला सोयीचं. पहिल्या संध्याकाळी गावाबाहेरचं कॅसलरिग हे पाषाणवर्तुळ पाहा, प्रवेश फुकट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोरोडेलमधून हॉनिस्टर घाट चढून बटरमिअरला जा. चढ चारास एक आहे, उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. बटरमिअर तळ्याभोवतीची सपाट पायवाट सुमारे सात किलोमीटर, सव्वादोन तास, आणि ती या अख्ख्या प्रदेशातली सर्वांत चोख वाट आहे. दुपारी गाडी केझिकला ठेवून ५५५ नंबरच्या बसने ग्रासमिअरला जा; बसच्या वरच्या मजल्यावरून सगळं दिसतं आणि पार्किंगचा जाच नाही. तिथे वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ राहिला ते डव्ह कॉटेज आहे. शाळेतल्या कवितेमुळे डॅफोडिल शोधायला जाल तर ती मार्च-एप्रिलची फुलं, मेमध्ये सरलेली असतात. हार्डनॉट घाटाचे व्हिडिओ पाहून मोह होईल. तिथे चढ तिनास एक आहे, वळणावर समोरचं काही दिसत नाही आणि भाड्याच्या गाडीचा क्लच तुमच्या खिशातून जातो. सोडून द्या.

केझिक ते हेड्रियनची भिंत साठेक मैल. इ.स. १२२ मध्ये सुरू झालेली ही रोमन सीमा ७३ मैल लांब, पण पाहण्यासारखा उभा भाग मधला आहे. गाडी स्टील रिगला लावा आणि भिंतीच्या कडेने पूर्वेला हाउसस्टेड्सच्या किल्ल्यापर्यंत चाला, साधारण पाच किलोमीटर, चढ-उतार बरेच. वाटेत सिकॅमोर गॅप लागते. तिथलं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कुणी रात्रीत कापलं, आता बुंधा आहे. परतायला हंगामात एडी१२२ नावाची बस असते, भिंतीच्या सालावरूनच नाव. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर हाउसस्टेड्सपेक्षा व्हिंडोलांडा निवडा. तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ फळ्यांवर लिहिलेली रोमन शिपायांची पत्रं सापडली, त्यात सुमारे इ.स. १०० मधलं एका बाईने मैत्रिणीला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे. मुक्काम हॉल्टव्हिसलला.

पुढचा दिवस लांब: हॉल्टव्हिसल ते ग्लेनको, सव्वादोनशेच्या आत मैल, नुसतं चालवणं साडेचार-पाच तास. साडेआठला निघा. सीमा ओलांडताच ग्रेटना ग्रीन. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाचे नियम कडक झाले आणि स्कॉटलंडमध्ये नव्हते, म्हणून पळून आलेली जोडपी इथे पहिल्याच गावात लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लावत. चहापुरता थांबा, त्यापेक्षा जास्त नाही, आता सगळा बाजार आहे. ग्लासगो दुपारी चारच्या आत पार करा. शहराच्या मध्यभागी कमी-प्रदूषण क्षेत्र आहे, पण एम८ मोटरवे त्यात येत नाही, आणि भाड्याच्या नव्या गाड्यांना तसाही दंड लागत नाही. अर्सकिन पुलावरून ए८२ पकडा, टोल नाही.

लॉक लोमंड या तळ्याच्या काठाने टारबेटपर्यंत रस्ता छान आहे. टारबेटच्या पुढे इन्व्हरअरननपर्यंतचा पट्टा हा सगळ्या प्रवासातला सर्वांत ताणाचा: डाव्या आरशाला कातळ, उजवीकडे तळं, आणि वळणावरून समोर पर्यटकांची बस. वेग कमी ठेवा, मधली रेघ ओलांडू नका. मागे रांग लागली तर पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला व्हा. त्यानंतर रॅनक मूरचं ओसाड माळरान आणि मग ग्लेनको. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी यजमान मॅकडोनल्ड मंडळींची इथे कत्तल केली. दरीत ढग उतरलेले असले की ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

ग्लेनकोला दोन रात्री, म्हणजे एक पूर्ण दिवस मोकळा. सकाळी ग्लेन एटिव्हचा सिंगल ट्रॅक रस्ता, दुपारी दरीतली एखादी चाल. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस मनात असेल तर: उंची १,३४५ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटरची आहे म्हणून याला हलकं धरू नका. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आधीच बरंच उंचावर आहे, इथे चढण जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते. जाऊन-येऊन सात ते नऊ तास, आणि मेमध्ये माथ्यावर बर्फ असू शकतं. बूट आणि अनुभव नसेल तर नको.

ग्लेनको ते स्काय फोर्ट विल्यमवरून, तिथेच टाकी भरा. पुढे ग्लेनफिनन: २१ कमानींचा रेल्वेपूल, सिनेमामुळे जगभर ठाऊक झालेला. वाफेच्या गाडीच्या सकाळच्या फेरीला पार्किंग दोन तास आधीच भरतं. गाडी दिसली नाही तरी बिघडत नाही; त्याच पुलावरून रोजची साधी रेल्वेही जाते आणि तिचं तिकीट बरंच स्वस्त आहे. समोरच्या तळ्याकाठी स्तंभ आहे, १९ ऑगस्ट १७४५ रोजी ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने इथे बंडाचं निशाण उभारलं. ते बंड जिथे संपलं ती जागा चार दिवसांनी तुमच्या वाटेवर येईल. मालेगहून स्कायवरच्या आर्मडेलला गाड्या नेणारी फेरीबोट आधीच बुक करा, गाडीच्या जागा मोजक्या असतात. फेरी रद्द झाली तर फोर्ट विल्यमला मागे येऊन ए८७ने स्कायच्या पुलावरून जावं लागतं, सुमारे १२० मैल आणि तीन तास. म्हणून सकाळीच फेरीच्या कंपनीचं संकेतस्थळ पाहून मगच निघा. पुलाला २००४ च्या अखेरीपासून टोल नाही.

स्कायच्या तीन रात्रींचं कारण पाऊस. दोन पूर्ण दिवस मिळतात, त्यातला एक वाया गेला तरी दुसरा हातात राहतो. आकाश ज्या दिवशी उघडं त्या दिवशी ट्रॉटर्निश या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा फेरा घ्या: पोर्ट्री या बेटावरच्या मुख्य गावाहून सकाळी आठच्या आत ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या कातळसुळक्याच्या पार्किंगला, वर जाऊन-येऊन दोन तास, मग किल्ट रॉकचा कडा आणि समुद्रात पडणारा धबधबा, मग स्टाफिनहून क्विरांगचा वळणांचा रस्ता. क्विरांगचा पूर्ण फेरा सात किलोमीटरच्या आसपास, वाट अरुंद आणि एका बाजूला दरी. जोराचा वारा असेल तर पहिले वीस मिनिटं जाऊन परत या, सर्वांत देखणं दृश्य तेवढ्यातच आहे. ढगाळ दिवशी स्लिगाखनचा जुना पूल, फेअरी पूल्स, डनव्हेगनचा किल्ला आणि संध्याकाळी नीस्ट पॉइंटचा दीपगृहाचा सुळका. फेअरी पूल्सचं पाणी छायाचित्रात निळं दिसतं, प्रत्यक्षात पोहायला उतराल तर हाडं गोठतात. गवत-नेच्यांतून चालल्यावर पायांवर गोचीड बघायची, घोट्यापासून गुडघ्यामागेपर्यंत. चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-चुना काही लावायचं नाही.

स्कायची खोली सर्वांत आधी बुक करा, चार-सहा महिने आधी, आणि बाकी सगळ्या तारखा तिच्याभोवती बसवा. उलट केलंत तर पोर्ट्रीपासून तासभर लांब महागडी खोली मिळेल. बी अँड बी म्हणजे घरगुती मुक्काम. यजमान साधारण चार ते सात तुमची वाट पाहतात, उशीर होणार असेल तर फोन करायचा. ग्रामीण स्कॉटलंडमध्ये एक पिनकोड मैलोन् मैल पसरलेला असतो, तेव्हा घराचं नेमकं ठिकाण मॅपवर मागून घ्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, नेटवर्क तासतासभर नसतं.

जेवणाचं. हायलँड्समधली पबची स्वयंपाकघरं साडेआठला बंद होतात, नऊला पोचलात तर चिप्सची पाकिटंच. शाकाहाऱ्याला सूप-ब्रेड, मॅकरोनी चीज आणि शाकाहारी हॅगिस (मांसाच्या एका स्कॉटिश पदार्थाची बिनमांसाची आवृत्ती) हे तिन्ही बहुतेक ठिकाणी मिळतं. सूप कशाच्या पाण्यात केलंय तेवढं विचारा. स्कायला स्वयंपाकघराचं घर घ्या, आणि केझिक, फोर्ट विल्यम, पोर्ट्री इथल्या सुपरमार्केटमधून भरणा करा. घरून गोडा मसाला, पोहे, भाजणी, चिवडा न्यावा. पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका: भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा आणि पंखा लावा. मोहरी तडतडून हिंग-हळद पडली की छतावरचा धुराचा भोंगा हमखास वाजतो, आणि काही इमारतींत तो सगळ्यांना बाहेर काढतो.

स्काय ते इन्व्हरनेस सव्वाशेच्या आत मैल, तीन तास. वाटेत आयलीन डोनन आणि लॉक नेसकाठचा अर्कहार्ट हे किल्ले. इन्व्हरनेस स्वतः रात्रीपुरतं ठीक. दुसऱ्या सकाळी कलोडनचं मैदान: १६ एप्रिल १७४६, ग्लेनफिननला उभारलेलं निशाण इथे तासाभराच्या आत पडलं. कुळांच्या नावांचे दगड गवतात आहेत. तिथून ए९ने दक्षिणेला. हा रस्ता दुभाजकाचा, मग साधा, मग पुन्हा दुभाजकाचा असा बदलत राहतो, आणि आपण अजून दुभाजकावरच आहोत असं समजून ओव्हरटेकला निघणं हे तिथल्या मोठ्या अपघातांचं कारण. डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून उपयोग नाही. व्हिस्कीची भट्टी पाहायची असेल तर चालकाने चव घ्यायची नाही. स्कॉटलंडमध्ये मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. बऱ्याच भट्ट्या चालकाचा घोट छोट्या बाटलीत बांधून देतात, मागा.

पेट्रोल स्वतः भरायचं असतं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते आधी वाचा. चूक झाली तर इंजिन चालूच करू नका, तिथूनच कंपनीला फोन करा. पंपावरच्या यंत्राला भारतीय कार्ड कधी कधी चालत नाही, तेव्हा आत काउंटरवर पैसे देता येतात असाच पंप निवडा.

एडिनबरा शेवटी ठेवण्याचं कारण हेच की तिथे गाडी म्हणजे ओझं. शहरात पार्किंग दुर्मीळ आणि महाग. संध्याकाळी पाचच्या आत टाकी भरून विमानतळावर गाडी परत करा, परत करतानाही फोटो आणि इंधनाच्या काट्याचा फोटो घ्या, आणि ट्रामने अर्ध्या तासात प्रिन्सेस स्ट्रीट. किल्ल्याचं तिकीट वेळेसकट आधी काढा. अर्कहार्ट, एडिनबरा आणि वाटेतला स्टर्लिंग असे किल्ले करणार असाल तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचा एक्सप्लोरर पास स्वस्त पडतो, पण पास असला तरी एडिनबरा किल्ल्याची वेळ वेगळी राखावी लागते. आर्थर्स सीट ही २५१ मीटरची टेकडी, सिंहगडाच्या निम्मीही चढण नाही, संध्याकाळी जा. स्कॉटिश बँकांच्या नोटा हातात उरल्या असतील तर विमानतळावरच खर्चून टाका, पुण्यात बदलताना अडचण येते.